दिलावरभाईंची ट्रेड टेस्ट

दिलावरभाईंच्या घरी कुणी पहिल्यांदा गेलं की ते ‘बसा’ म्हणत नाहीत. ‘तुमच्या घराला रंग कुनी दिला?’ असं विचारतात. आपण कुणाचं तरी नाव सांगतो. ते डोळे मिटतात, कुणी गेल्याची बातमी ऐकावी तसं ‘अरेरे’ म्हणतात आणि मग खुर्ची पुढे करतात. मी कोकणात दिघीला शाळेत इंग्रजी शिकवायला आलो आणि त्यांच्या शेजारच्या घरात भाड्याने राहू लागलो, तेव्हा त्या घराला रंग घरमालकाने दिला होता, माझा त्यात काडीचा संबंध नव्हता. तरी माझ्या वाट्याचं ‘अरेरे’ मी उभ्याने ऐकून घेतलं. पुढे मी निवृत्त झालो, तेच घर विकत घेतलं, दोनदा रंगवून घेतलं. ‘अरेरे’ तेवढं कायम राहिलं.

दिलावरभाई स्वतः पेंटर. निदान सौदीच्या व्हिसावर तसं छापलं होतं. दम्मामकडे तेलाच्या टाक्यांना रंग देण्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. टाकीला रंग देणं म्हणजे घराची भिंत रंगवणं नव्हे, हे ते ओळख झाल्यापासून पहिल्या पाच मिनिटांत सांगत. त्यांच्या लेखी जगात माणसांच्या दोनच जाती होत्या: ज्यांच्या रंगाला ओघळ येतो ते, आणि ज्यांच्या येत नाही ते. पहिल्या जातीत त्यांनी सरपंच, तालुक्याचा डॉक्टर, स्वतःचे दोन्ही मेहुणे आणि मी यांना एका रांगेत बसवलं होतं. दुसऱ्या जातीत ते एकटेच असल्यामुळे तिथे ऐसपैस जागा होती.

आखातातून त्यांनी दोन गोष्टी आणल्या. एक म्हणजे दोन अरबी शब्द. कबूल असलं की ‘खल्लास’, आणि जरा अधिकार गाजवणारा कुणी दिसला की तो ‘मुदीर’, म्हणजे मॅनेजर. आमचे हेडमास्तर मुदीर, फेरीबोटीचा तिकीटवाला मुदीर, गल्लीतला सगळ्यात दांडगा बोकडही मुदीर. दुसरी गोष्ट म्हणजे ट्रेड टेस्ट. आखातात कामाला जाणाऱ्याला आधी मुंबईत एजंटच्या शेडमध्ये आपलं काम करून दाखवावं लागतं. वेल्डरने जोड मारायचा, गवंड्याने विटांचा कोपरा बांधायचा, पेंटरने पत्र्याला रंगाचे दोन हात द्यायचे. मग कंपनीचा माणूस येतो, अंगठा फिरवून बघतो आणि ‘पास’ म्हणतो किंवा काहीच म्हणत नाही. काहीच म्हटलं नाही तर एसटीने परत गावी. हा प्रकार दिलावरभाईंच्या मनात इतका बसला होता की माणूस पारखायची दुसरी रीत असू शकते हे त्यांना मान्यच नव्हतं. पुतणीच्या लग्नात त्यांनी खानसाम्याची ट्रेड टेस्ट घेतली. तो बिचारा आदल्या दिवशी एक किलोची बिर्याणी वेगळी शिजवून, हात मागे बांधून उभा होता.

हा माणूस एक दिवस कलेच्या धंद्यात पडला.

आमच्याकडे आर्ट म्हणजे दहावीनंतर सायन्स-कॉमर्सला जागा न मिळालेल्यांची शाखा. पण गेल्या काही वर्षांत अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत मुंबईच्या श्रीमंतांनी समुद्राकाठी बंगले बांधायचा सपाटा लावला. त्यांना ते बंगले म्हणत नाहीत, व्हिला म्हणतात. वर्षातले चार शनिवार-रविवार राहायचं असलं की घराला असलं नाव लागतं. अशाच एका व्हिलाच्या रंगाचं काम दिलावरभाईंनी घेतलं होतं. काम संपलं आणि त्यांनी आरशासारख्या केलेल्या भिंतीवर इंटिरियरवाल्या सानिकामॅडमनी एक चित्र टांगलं. दिलावरभाईंनी विचारलं, हे कुठलं? मॅडम म्हणाल्या, ‘बालीचं. तिथल्या लोकल आर्टिस्टचं आहे. लोकांना आता लोकल आर्टिस्टच हवे असतात.’

त्या संध्याकाळी दिलावरभाई थेट माझ्या ओट्यावर.

‘सर, धंदा सापडला. लोकांना लोकल आर्टिस्ट पायजे.’

‘मग आहेत की,’ मी म्हटलं. ‘आपल्या शाळेचे ड्रॉइंगचे सर आहेत. पालीला गणपती रंगवणारा तो...’

‘तो लोकल न्हाय, सर. तो इथलाच हाय.’ माझ्या अडाणीपणाची त्यांना कीव आली. ‘लोकल म्हंजे तिकडचा लोकल. फॉरेनचा.’

मी इंग्रजी शिकवण्यात आयुष्य घालवलंय, पण ‘लोकल’ या शब्दाचा हा अर्थ कुठल्या डिक्शनरीत नव्हता. आणि व्हिलावाल्यांची पसंती बघता तो चूक आहे असंही मला छातीठोकपणे म्हणता येईना. आठवड्याभरात त्यांनी बंद पडलेली भाताची गिरणी भाड्याने घेतली. आतून ती स्वतः रंगवली, अर्थात ओघळाविना. बाहेर पाटी लावली: ‘दर्या आर्ट इंटरनॅशनल’. खाली बारीक अक्षरात ‘लोकल आर्टिस्ट मिळतील’.

या उद्योगाला आम्ही सगळे यथास्थित हसलो. पण त्यामागचं कारण हसण्यासारखं नव्हतं, आणि ते सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं. कारण म्हणजे नावेद.

नावेद त्यांचा एकुलता मुलगा. आयटीआय केलेला, एसीच्या कामात हुशार, स्वभावाने शांत; इतका शांत, की हा दिलावरभाईंचा मुलगा आहे यावर नवख्याचा विश्वास बसत नसे. त्याला दोह्याच्या एका कंपनीत नोकरी मिळाली होती. ट्रेड टेस्ट पास, मेडिकल पास, व्हिसा तयार. बाप म्हणाला, मी जिता हाय तवर न्हाय. मुलगा म्हणाला, ‘मग इथे काय करू अब्बा? फेरीबोट किती वेळा जाते ते मोजू?’ ही गिरणी म्हणजे दिलावरभाईंचं त्यावरचं उत्तर. नावेदने बापाला शब्द दिला, बकरी ईदपर्यंत थांबतो. तोवर धंदा उभा राहिला तर इथेच. नाही राहिला तर दोहा.

‘दर सुट्टीला मी त्याला बूट आनायचो,’ दिलावरभाई मला एकदा म्हणाले. ‘दर सुट्टीला छोटे. मनात पोरगा तेवढाच राहायचा ना, मागच्या वर्षाएवढा. जैनब बोलायची, अवो पायाचा माप तरी मागवा. सर, मला माझ्या पोराचा पाय मालूम न्हवता.’ एवढं सांगून त्यांनी लगेच समोरच्या कंपाउंडच्या रंगाला नावं ठेवायला सुरुवात केली. त्यांना गहिवरून आलं की कुणाच्या तरी भिंतीवर संकट येत असे.

धंद्याचा अभ्यास म्हणून आम्ही मुंबईला एका मोठ्या आर्ट गॅलरीत जाऊन आलो. तिथे एका भिंतीएवढ्या कॅनव्हासवर लाल रंगाचे ओघळच ओघळ होते. कुणी तरी बाई त्यापुढे हनुवटीला हात लावून उभ्या होत्या. दिलावरभाई त्यांच्या शेजारी जाऊन तसेच उभे राहिले. बराच वेळ बघून मोठ्याने म्हणाले, ‘थिनर जास्त झालाय.’ बाईंनी मान डोलावली. मला वाटतं त्यांनी तो शब्द लिहूनही घेतला असावा.

मग परदेशवारी. देश कुठला, याचा निर्णय दिलावरभाईंनी एका वाक्यात केला. ‘आमचे परदादा गलबत घेऊन जंगबारला जायाचे. आपन बी जंगबारला जाऊ.’ जंगबार म्हणजे झांझीबार. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या त्या बेटावर कलेची स्थिती काय, ही चौकशी करायची गरज त्यांना वाटली नाही. परदादांनी केली असेलच.

मला इंग्रजीसाठी बरोबर न्यायचं ठरलं. त्याआधी अर्थातच ट्रेड टेस्ट. त्यांनी मोबाइल कंपनीच्या माणसाला फोन लावून माझ्या हातात दिला आणि बिल जास्त आल्याबद्दल इंग्रजीतून भांडायला सांगितलं. माझं इंग्रजी शाळेतलं. समोरचा माणूस उलट बोलायला लागला की त्याला त्रास होतो. मी भांडण हरलो, वर त्या माणसाला ‘थँक यू’ म्हणालो. दिलावरभाईंनी विचार केला आणि म्हणाले, ‘भांडन गेला. पन ओघळ न्हाय आला. पास.’

मध्ये एका विमानतळावर रात्रभर बाकड्यावर काढून आम्ही झांझीबारला उतरलो. टॅक्सीतून बाहेर बघतो तर नारळ, सुपारी, आंबा, केळी, आणि रस्त्याकडेला एक बाई फणस विकत होती. दिलावरभाईंनी टॅक्सी थांबवून तिला विचारलं, हे काय? बाई म्हणाली, ‘फेनेसी.’ दिलावरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. ‘फनसच बोलली ना सर?’ आंब्याला तिथे ‘एम्बे’ म्हणतात, दुकानाला ‘दुका’, रंगाला ‘रंगी’. माझं इंग्रजी खिशातल्या खिशात राहिलं आणि दिलावरभाई विमानतळापासून हॉटेलपर्यंत त्या ड्रायव्हरशी गप्पा मारत आले. एवढं विमानाचं भाडं भरून आपण दिवेआगरला उतरलोय की काय, अशी मला शंका होती. ती मी बोलून दाखवली नाही, कारण माझं भाडं त्यांनीच भरलं होतं.

कलाकार शोधायचे कसे? जुन्या शहराच्या गल्ल्यांत चित्रांची दुकानं होतीच, पण दुकानातून माल घेतला तर माणूस कसा पारखणार? दिलावरभाईंनी त्या ड्रायव्हरला सांगितलं, उद्या सकाळी पेंटर घेऊन ये. रंगीवाले. जितके मिळतील तितके. हॉटेलचा मालक मूळचा कच्छचा म्हातारा होता, त्याने मागचं अंगण मोकळं करून दिलं.

सकाळी अंगणात माणूस मावत नव्हता. आणि निम्म्याच्या वर लोकांच्या हातात बादल्या, रोलर आणि खांद्यावर शिड्या. दिलावरभाईंनी ‘पेंटर’ मागवले होते. ड्रायव्हरने प्रामाणिकपणे पेंटर आणले होते. भिंती रंगवणारे. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. दिलावरभाईंचा चेहरा मात्र खुलला. इतकी आपली माणसं एका जागी त्यांनी दम्माम सोडल्यापासून पाहिली नव्हती. चित्रकारांना एका बाजूला ताटकळत ठेवून त्यांनी भिंतवाल्यांशी प्रायमर आणि पॉलिशपेपरवर चर्चा सुरू केली, कुणाची भाषा कुणाला कळत नसताना. मालकाने अखेर अंगणाची एक भिंत फुकटात रंगवून घेतली. त्या दिवशी तेवढाच एक माणूस नफ्यात होता.

मग चित्रकारांची टेस्ट. प्रत्येकाला एक फळी दिली. दिलावरभाई म्हणाले, ‘सर, ह्यांना सांगा, घर काढा. बस. घर.’

मी सांगितलं. सगळे कामाला लागले आणि बघता बघता प्रत्येक फळीवर समुद्र, मावळता सूर्य आणि शिडाचं गलबत उभं राहिलं. घर कुणीच काढलं नाही. टुरिस्ट घर घेत नाहीत, त्यामुळे हाताला तीच सवय लागलेली. दिलावरभाई अंगठा फिरवत फिरवत रांगेतून गेले. रंग सुकलेला, ओघळ नाही, पण ‘पास’ म्हणेनात.

एक जण मात्र दोन रांगांच्या मध्येच उभा होता. चाळिशीचा, उंच, एका हातात रोलर आणि दुसऱ्या हातात बारीक ब्रश. नाव हमीसी. पर्यटकांच्या दिवसांत चित्रं काढायचा, एरवी भिंती रंगवायचा, म्हणून कुठल्या रांगेत उभं राहावं हे त्याला कळत नव्हतं. त्याला फळी दिली. त्याने ती हातात धरली आणि मला इंग्रजीत काहीतरी विचारलं.

‘काय बोलतो?’ दिलावरभाई.

‘म्हणतोय, कुठलं घर? मी राहतो ते, की माझी पोरं राहतात ते?’

त्याचं कुटुंब पलीकडे मुख्य भूमीवर होतं आणि तो इथे बेटावर एका खोलीत. दिलावरभाईंनी इकडेतिकडे बघितलं. बहुधा नावं ठेवायला एखादी भिंत शोधत होते, पण ती आत्ताच त्यांच्या देखरेखीखाली रंगवून झाली होती. मग म्हणाले, ‘दोनी काढ बोला.’

हमीसीने दोन काठांवर दोन घरं काढली. मधे पाणी आणि पाण्यात एक लहानसं होडकं. दिलावरभाईंनी फळी हातात घेतली, अंगठा फिरवायचं विसरले आणि म्हणाले, ‘खल्लास. पास.’

हमीसी आमच्यामागोमाग महिनाभराने दिघीला आला. दिलावरभाईंच्याच घरी राहिला. जैनबभाभींना आधी काळजी होती की हा परका माणूस काय खाणार. पण त्याने पहिल्याच दिवशी नारळ हातात घेतला, विळीवर सफाईने खवला आणि भातासाठी त्याचं दूध काढून दिलं. भाभी मला म्हणाल्या, ‘सर, ह्याला आनायला इमान कशाला लागला? चूल तीच, नारळ तोच.’ दिलावरभाईंनी ऐकलं न ऐकलं केलं. हमीसी दिवसा गिरणीत चित्रं काढायचा: दोन घरं आणि मधे पाणी. कधी पहाटेचं, कधी ओहोटीचं, कधी होडकं या काठाला, कधी त्या. नावेद त्याला फळ्या कापून द्यायचा, दिवे लावून द्यायचा, आणि रोज संध्याकाळी गिऱ्हाईक किती आले या प्रश्नाला त्याच शांतपणे ‘कुणी नाही’ म्हणायचा.

कुणी नाही, हे तितकंसं खरं नव्हतं. फेरीबोटीची वाट बघणारे लोक उन्हातून आत येत, कोंड्याच्या जुन्या वासाने शिंकत आणि कलेवर मतं देत. ‘बोटीला इंजिन न्हाय,’ एक कोळी म्हणाला, ‘मासा काय कपाळ आणणार?’ विकत मात्र कुणी घेतलं नाही. बकरी ईद जवळ येत होती. दिलावरभाईंचं बोलणं वाढत चाललं होतं, आणि मोहल्ल्यातली एकही भिंत त्यांच्या तोंडून सुटत नव्हती.

आणि ईदच्या आदल्या आठवड्यात सानिकामॅडम आल्या.

दिवेआगरच्या बाजूला होत असलेल्या एका मोठ्या रिसॉर्टचं काम त्यांच्याकडे होतं. आत शिरल्या, गॉगल डोक्यावर चढवला आणि भिंतीसमोर उभ्या राहिल्या. ‘ओ माय गॉड, दिलावरभाई. हे तर आपलंच आहे! ही आपली खाडी. हा दिघीचा काठ, तो आगरदांड्याचा. किती रॉ पकडलंय हो कोकण!’

‘मॅडम, हे जंगबार हाय,’ दिलावरभाईंनी आनंदाने सांगितलं. ‘फॉरेनचा लोकल. हा बघा, हमीसी.’

मॅडम क्षणभर गोंधळल्या. मग हसल्या. ‘अहो, बाली वगैरे सगळं मागे पडलं. आमच्या क्लायंटला फक्त इथलं लोकल हवंय. पण दिसतंय तर आपलंच ना? मग झालं की. मी सगळी घेते. पुढच्या रिसॉर्टलाही अशीच लागतील, दर सीझनला काम देते. फक्त खाली नाव नको. नुसतं ‘स्थानिक कलाकार’ एवढी पाटी. गेस्टना तेवढं पुरतं.’

म्हणजे सगळंच आलं. धंदा, दर सीझनचं काम, आणि नावेद. मी हमीसीला इंग्रजीत समजावलं. त्याने खांदे उडवले. नाव घातलं काय नि न घातलं काय, तिकडेही कुणी विचारत नाही, म्हणाला. नावेद शिडीवर चढून दिवा बसवत होता, त्याचे हात थांबले होते. भाभी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, ‘व्हय बोला की.’

दिलावरभाईंनी भिंतीवरच्या एका चित्रावरून अंगठा फिरवला.

‘मॅडम,’ ते शेवटी म्हणाले, ‘दम्मामला आमाला रफीक बोलायचे. रफीक इकडं ये, रफीक टाकीवर चढ. रफीक म्हंजे दोस्त. शब्द वाईट न्हाय. एक दिवस एक पोरगा टाकीवरनं पडला. मुदीर आला, पुसला, नाव काय ह्याचा? आमी सगळे खाली उभे. कुनाला सांगता येईना. आमी बी त्याला रफीकच बोलायचो.’ मग हमीसीकडे बोट करून म्हणाले, ‘ह्याचा नाव हमीसी हाय. नाव लावत असाल तर घ्या. न्हायतर ऱ्हाऊ द्या.’

‘अहो, एक पाटी आहे ती फक्त,’ मॅडम म्हणाल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. चहा घेतला, भाभींच्या हातच्या नानखटाईची तारीफ केली आणि गेल्या.

त्या क्षणी माझा ऊर अभिमानाने भरून आला, असं लिहायला बरं वाटलं असतं. मला राग आला. सणसणून राग आला. ज्याचं नाव त्याला त्याचं काही नाही, आणि हे कुठल्या जुन्या टाकीवरचं ओझं पोराच्या डोक्यावर देताहेत! हमीसीने पोटासाठी ज्याला हरकत घेतली नाही, त्याला हरकत घेणारे हे कोण? मी हे सगळं त्यांना तोंडावर बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. ‘बराबर हाय सर,’ म्हणाले. ‘पन तोंडातनं व्हय येईना.’ नावेद शिडीवरून उतरला, शिडी मिटून भिंतीला लावली आणि आईने आणलेल्या ट्रेमधला थंड झालेला चहा पिऊन टाकला. कुणावर चिडला नाही. चिडला असता तर सगळ्यांनाच सोपं गेलं असतं.

ईद झाली. हमीसीला परत जायचं होतं आणि नावेदला दोह्याला. दोघांना एकाच गाडीने मुंबईला पोचवायचं ठरलं. फेरीबोटीवर गाडी चढली तेव्हा दिलावरभाईंनी विनोद केला, ‘एक इम्पोर्ट रिटर्न, एक एक्स्पोर्ट. चला, मुदीर, शिट्टी मारा.’ तिकीटवाला हसला नाही. बोट मधे जाईपर्यंत ते हात हलवत होते. मग मला म्हणाले, ‘ह्या बोटीला रंग कुनी दिलाय हो सर?’ मी म्हटलं, माहीत नाही. ‘अरेरे,’ ते म्हणाले, आणि तिथेच धक्क्यावर खाली बसले. मी त्यांच्या शेजारी बसलो. माझा राग कुठे गेला होता, कळलं नाही.

मागच्या शुक्रवारी दुपारी मी गिरणीत गेलो होतो. चित्रं अजून भिंतीवर आहेत. प्रत्येकाखाली दिलावरभाईंनी स्वतः ब्रशने ‘हमीसी’ असं देवनागरीत लिहिलंय. गिऱ्हाईक नव्हतंच. दिलावरभाई मोबाइल चष्म्याजवळ धरून नावेदशी व्हिडिओवर बोलत होते. त्याला शुक्रवारी सुट्टी असते.

‘खोली कशी हाय?’

‘बरी हाय, अब्बा. एसी हाय.’

‘खिडकी हाय?’

नावेदने मागे वळून बघितलं. ‘हाय.’

‘दाखव बघू.’

‘आत्ता नको. बाजूवाला झोपलाय, नाइट शिफ्टचा हाय.’

‘बरं बरं. झोपू दे त्याला,’ म्हणून दिलावरभाईंनी फोन ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘खिडकी नसनार, सर. त्या खोल्यांना खिडकी नसते. मी बी अब्बांना हायच बोललो होतो. ते दर सुट्टीला पुसायचे, खिडकीतनं काय दिसतो रे?’

‘मग तुम्ही काय सांगायचात?’

‘सांगायचो कायतरी. खजूर, रस्ता, मशीद. त्यांना बरं वाटायचा.’ ते थोडा वेळ फोन हातात फिरवत बसले. ‘त्यांना ठाव होता काय, कुनास ठाऊक.’

मग त्यांनी पुन्हा फोन लावला. या वेळी व्हिडिओ बंद ठेवून, नुसता आवाज.

‘अरे, एक पुसायचा ऱ्हायला,’ ते मोठ्याने म्हणाले. ‘तुझ्या खिडकीतनं काय दिसतो?’

मग नावेद सांगू लागला. समोर रस्ता आहे. रस्त्यापलीकडे एक दुकान, त्याचं शटर हिरवं आहे. दुकानापुढे एक झाड आहे, कसलं ते माहीत नाही, पण सावली चांगली आहे. दिलावरभाई डोळे मिटून एकेका गोष्टीला ‘व्हय? वा!’ म्हणत ऐकत होते. तो थांबला की विचारत होते, ‘आनि डावीकडं?’